गरम पाण्यात सगळेच जास्त विरघळते का?

पाणी जितके गरम, तितका पदार्थ अधिक विरघळतो, हा समज बहुधा साखरेच्या पाकामुळे पक्का झाला असावा. कारण २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मावणारी साखर १०० अंशांना ४८० ग्रॅमच्याही पुढे जाते. मिठाचे मात्र तसे नाही: २० अंशांना ३६ ग्रॅम, १०० अंशांना जेमतेम ३९. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळते हे खरे, पण विरघळण्याचा वेग आणि विद्राव्यता, म्हणजे ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती पदार्थ विरघळू शकतो ते प्रमाण, या भिन्न गोष्टी असून सारा घोळ नेमका इथेच होतो. विझवलेल्या चुन्याचे तर उलटेच आहे. विरघळताना तो उष्णता बाहेर टाकतो, म्हणून चुन्याची संपृक्त निवळी (आणखी चुना मावणार नाही असे स्वच्छ पाणी) तापवली की ती गढुळते आणि चुना पुन्हा तळाशी बसू लागतो.