दोन प्रादेशिक विमानतळांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन छोट्या विमानतळांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेली सगळ्यात जवळची वाट, हिला ग्रेट सर्कल म्हणतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजायला गेलं की घोळ होतो, कारण अक्षांशाचा 1 अंश कुठेही साधारण 111 किमी भरतो पण रेखांशाचा 1 अंश विषुववृत्तावर तेवढा असला तरी 60 अक्षांशावर निम्माच उरतो. म्हणून दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6371 किमी धरून हॅव्हरसाइन सूत्राने अंतर काढतात. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक येते, छोट्या रूटला ती सोडून दिली तरी चालतं.

विमान मात्र या रेषेवरून तंतोतंत जात नाही. टेकऑफ आणि लँडिंग शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं असतं, म्हणजे कधीकधी जायचंय पूर्वेला आणि उडायचं पश्चिमेकडे, मग वळसा आलाच, त्यात ठरलेले हवाई मार्ग आणि बंदी असलेलं आकाश.

खरी गंमत वेळेची आहे. अंतर भागिले स्पीड हा हिशोब छोट्या रूटवर हमखास फसतो. समजा 300 किमी जायचंय. एटीआर 72 सारखं पंख्याचं विमान ताशी 500 किमीच्या आसपास जातं म्हणजे 36 मिनिटं, आणि 800 ने जाणारं जेट साडेबावीस मिनिटं, पण हे फक्त कागदावर, कारण रनवेपर्यंत टॅक्सी करणं म्हणजे चाकांवर जमिनीवरून हळूहळू जाणं, वर चढणं, उतरताना स्पीड कमी करत येणं हे दोघांनाही चुकत नाही आणि जेटला जास्त उंच चढायचं असल्याने त्याचा फायदा तिथेच बराचसा संपतो. म्हणूनच अशा रूटवर कमी इंधन खाणारी पंख्याची विमानं टिकून आहेत आणि ते योग्यच आहे.

वाऱ्याचंही बघा. 600 किमीचा रूट, विमानाचा स्पीड 500, वारा ताशी 80 किमी. जाताना वारा पाठीशी असेल तर 62 मिनिटं, येताना समोरून आला तर 86, म्हणजे दोन्ही मिळून 148, आणि वाराच नसता तर 144. जाताना वाचलं ते येताना फिटलं असं होत नाही, वाऱ्याविरुद्ध जाताना विमान जास्त वेळ वाऱ्यात राहतं म्हणून तोटाच होतो.

टाइमटेबलमध्ये छापतात तो ब्लॉक टाइम, चाकांचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा, त्यामुळे हवेतला वेळ त्याहून कमीच असतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा, अंतर जेमतेम 2.7 किमी, वेळापत्रकात 2 मिनिटं आणि वारा साथीला असताना झालेला विक्रम 53 सेकंदांचा!

तिकिटावरची सुटायची आणि पोचायची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते. टाइम झोन बदलत असेल तर दोन्ही वेळा आधी एकाच झोनमध्ये आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची.