पृथ्वी फिरते म्हणून लंडनहून मुंबई लवकर येते? छे!

मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तासभर कमी, अंतर तेच, सुमारे ७,२०० किमी, मग कोणीतरी हमखास सांगतं "अरे पृथ्वी फिरते ना!" पण पृथ्वीसोबत हवाही फिरते, नाहीतर पुण्यावर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवलं की काही मिनिटांत खाली कोकण आलं असतं, शिवाय त्या हिशोबाने लंडनच आपल्याकडे सरकत येतं म्हणजे जातानाच वेळ वाचायला हवा, उलटंच की! खरं कारण जेट स्ट्रीम, १० किमीच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी सव्वासहाच्या आसपास लागतात.