मातीतला किरणोत्सार कसा मोजू लागले, आणि धोका नेमका कुठे निघाला

1879 साली जर्मनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांना जडणारा ‘डोंगराचा आजार’ हा फुप्फुसातली घातक गाठ असल्याचे दोन डॉक्टरांनी नोंदवले. तेव्हा किरणोत्सार (अस्थिर अणूंमधून आपोआप बाहेर पडणारे किरण) कुणाला ठाऊकच नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ बेकरेल यांनी लावलेला त्याचा शोध 1896 चा. मग 1901 मध्ये एल्स्टर आणि गायटेल या दोन शाळामास्तरांनी उच्च व्होल्टेजची तार हवेत टांगली आणि तिच्यावर किरणोत्सारी थर जमला. मातीच्या पोटातून ओढलेली हवा त्याहून तीव्र निघाली. म्हणजे हा गुण खाणीपुरता नव्हता, पायाखालच्या साध्या जमिनीतही होता.

युरेनियम-238 व थोरियम-232 यांच्या साखळ्या (एका मूलद्रव्यातून क्रमाने दुसरे बनत जाते ती मालिका) आणि पोटॅशियम-40 हे त्याचे मूळ. ते वेगवेगळे मोजता येऊ लागले 1948 नंतर, हॉफस्टॅटर यांच्या, किरण पडला की चमकणाऱ्या सोडियम आयोडाइड स्फटिकामुळे. पुढे जर्मेनियमच्या किरणशोधक यंत्राने आणखी बारकावा आणला. पद्धत मात्र घरगुती वाटावी अशी: माती वाळवायची, चाळायची, हवाबंद डब्यात सुमारे चार आठवडे ठेवायची. युरेनियमच्या साखळीतल्या रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन वायूचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) 3.8 दिवस; तो आत कोंडला की त्यापासून बनणारे शिसे-214 आणि बिस्मथ-214 रेडियमशी समतोलात येतात (जितके बनतात तितकेच विघटित होतात), आणि त्यांचे गॅमा किरण मोजून रेडियम कळते. झाकणातून वायू निसटला, तर महागडे यंत्रही कमीच आकडा दाखवते.

जगभरच्या मातीतले मध्यक संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने 2000 साली दिले: युरेनियम 35, थोरियम 30, पोटॅशियम 400 बेकरेल प्रति किलो (1 बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). अहवालांत हमखास भेटणारी ‘रेडियम-तुल्य 370’ (तिन्हींचा किरणोत्सार मिळून रेडियमच्या मापात मांडलेला एकच आकडा, बेकरेल प्रति किलोमध्ये) ही मर्यादा मात्र बांधकाम साहित्यासाठी आखलेली आहे. शेतातल्या मातीला ती सरसकट लावणे मला तरी पटत नाही. आणि 370 तरी का? जुन्या एककात ते नेमके 10 नॅनोक्युरी होतात.

केरळच्या मोनाझाइट (थोरियम असलेले खनिज) मिसळलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर थोरियम भरपूर. तिथे सुमारे 70 हजार रहिवाशांच्या 2009 मधील अभ्यासात बाहेरून मिळणाऱ्या गॅमा मात्रेमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. उलट 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात, अजून सुरूही न झालेल्या अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्यामुळे किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्राची धोक्याची घंटा वाजली. किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. घरात रेडॉन साठला होता. 1988 मध्ये रेडॉन कर्करोगकारक ठरला.

घरात तो किती शिरेल हे मातीतल्या रेडियमइतकेच तिच्या सच्छिद्रतेवर, ओलाव्यावर आणि घराच्या फरशीतल्या भेगांवर ठरते. म्हणून मातीचे आकडे साधारण आले, तरी घरातला रेडॉन वेगळा मोजावा लागतो.