चिपाडाचं प्लॅस्टिक पेटू नये म्हणून

गुळाच्या हंगामात कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर वाळकं चिपाड चुलवाणात भडाभडा पेटतं. हेच चिपाड दळून प्लॅस्टिकमध्ये मिसळलं, तर हलकं आणि ताठ संमिश्र, म्हणजे तंतू घातलेलं प्लॅस्टिक, तयार होतं. त्यासाठी पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, हे प्लॅस्टिक वापरतात. तेही उसाची साखर आंबवून करता येतं आणि कंपोस्ट प्रकल्पातल्या साधारण ५८ अंशांच्या उष्णतेत कुजून जातं.

अडचण आगीची. पीएलए पेटलं की वितळून जळते थेंब गाळतं. त्यातले चिपाडाचे तंतू तर वितळलेलं प्लॅस्टिक वातीसारखं ज्योतीकडे ओढतात. पूर्वी आग रोखायला प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त रसायनं सर्रास घालत. ती शरीरातल्या चरबीत साठत जातात. त्यांतलं डेकाबीडीई २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न कुजणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदी यादीत गेलं. कुजणाऱ्या वस्तूत असं न कुजणारं विष घालणं मला तरी पटत नाही.

पर्याय भाताच्या कोंड्यात आहे. बी आपला फॉस्फरस फायटिक ॲसिडच्या रूपात साठवतं आणि या ॲसिडच्या वजनात पाव भागाहून जास्त फॉस्फरसच असतो. तापल्यावर त्यातून फॉस्फरसची आम्लं तयार होतात. ती तंतूंतल्या सेल्युलोजमधलं पाणी काढून घेतात आणि मागे कोळसा उरतो. ज्योतीला जळाऊ वायू कमी मिळतो. शिवाय कोळशाचा थर आतल्या मालापर्यंत उष्णता पोचू देत नाही.

पण हेच ॲसिड गरम साच्यात पीएलएच्या लांब साखळ्या तोडतं, मग वस्तू ठिसूळ होते. यावरचा उपाय मला फार आवडतो. कोळंबीच्या टरफलांपासून केलेलं कायटोसान धनभारित असतं, फायटिक ॲसिड ऋणभारित. तंतू आळीपाळीनं दोन्ही द्रावणांत बुडवले, की पातळ थर एकमेकांना धरून बसतात. ॲसिड बांधलं जातं आणि आग जिथून चढते त्या तंतूवरच कवच बसतं.

कस लागतो तो यूएल-९४ या प्लॅस्टिकच्या ज्वलनचाचणीत. उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाला १० सेकंद ज्योत धरायची, काढायची, पुन्हा धरायची, खाली कापूस. व्ही-० हा या उभ्या चाचणीतला सर्वांत वरचा दर्जा हवा असेल तर दर वेळी पट्टी १० सेकंदांत विझली पाहिजे आणि थेंबानं कापूस पेटता कामा नये.

इथल्या पावसाळ्यात दमट हवेनं हा लेप सैल पडतो का, हेही तपासायला हवं, कारण फायटिक ॲसिड पाण्यात सहज विरघळतं. शिवाय चिपाड म्हणजे कचरा नव्हे. गुऱ्हाळाचं आणि कारखान्याच्या बॉयलरचं ते जळण आहे. ते वळवलं तर तिथं काय जाळणार, हा हिशेब आधी मांडावा लागेल.