स्टॅम्प आणि स्टेन्सिलने जुन्या वळणाचं ख्रिसमस कार्ड : किटसोबतचं माहितीपत्रक

किट घेतलंत, थँक्यू. डब्यात काय काय आहे ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलंय म्हणून ते परत लिहित नाही, इथे फक्त वापरायचं कसं ते, आणि मधे मधे थोडं जास्तीचं पण, कारण डिसेंबर आला की काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतंच की व्हिंटेज म्हणजे नक्की करायचं काय, चहाचे डाग पाडायचे आणि कडा फाडायच्या एवढंच ना?

डाग पाडा हवे तर, त्याचं खाली सांगतो. पण नुसत्या डागांनी कार्ड जुनं नाही दिसत, मळकं दिसतं. जुनी कार्डं जुनी वाटतात ती वेगळ्याच कारणाने, ती बनायची कशी त्यामुळे. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड म्हणून जे ओळखलं जातं ते १८४३ चं, लंडनचं. हेन्री कोल म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि साधारण हजार प्रती काढल्या, एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे त्या काळी चांगलीच महाग. (चित्रात अख्खं कुटुंब वाइनचे ग्लास घेऊन बसलंय आणि लहान पोरालाही पाजतायत, त्यावरून तिथल्या दारूबंदीवाल्यांनी भरपूर नावं ठेवली.) आपल्या कामाचा मुद्दा पुढचा आहे: त्या कार्डावर फक्त रेषा छापलेल्या होत्या, दगडावरून, लिथोग्राफने, आणि रंग माणसांनी हाताने भरलेले. नंतरही कितीतरी वर्षं स्वस्त चित्रांना आणि पोस्टकार्डांना असाच हाताने रंग द्यायचे, बरेचदा स्टेन्सिल (आकाराची भोकं कापलेलं पान) ठेवून, म्हणजे शेकडो कार्डांना रंग पटापट लागायचा पण रेषेच्या किंचित आतबाहेर जायचा.

म्हणजे रेषा छापायची आणि रंग हाताने द्यायचा, जुनेपणा तिथे आहे. म्हणूनच किटमधे प्रत्येक स्टॅम्पला जोडीची स्टेन्सिल दिलीये, स्टॅम्पने रेषा, स्टेन्सिलने रंग. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

कागद आणि घडी

आतला कागद क्रीम रंगाचा आहे, २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे जाडसर), ए५ साइज, मधोमध घडी घातली की ए६ कार्ड होतं आणि ते सी६ लिफाफ्यात आरामात जातं. शुभ्र पांढरा कागद आम्ही मुद्दाम दिला नाही, पांढऱ्यावर कितीही चांगलं काम केलं तरी ते कालच प्रिंट काढल्यासारखं दिसतं. घडी हाताने दाबून घालू नका, कागद जाड आहे, तडकतो आणि घडीवर पांढरे तंतू दिसायला लागतात. स्टीलची पट्टी ठेवा, संपलेल्या बॉलपेनने दाब देऊन एक रेघ ओढा आणि मग दुमडा. स्वतःचा दुसरा कागद आणणार असाल तर कापायच्या आधी तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने तो सहज वाकतो त्याच दिशेने घडी ठेवायची.

चहाचा डाग ज्यांना हवाच आहे त्यांच्यासाठी: कोरा चहा. दूध नको आणि साखर तर अजिबातच नको, कागद चिकट होतो आणि मग मुंग्या. पावडर उकळून गाळून गार करा, रुंद ब्रशने एक हात द्या, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने टिपा, आणि पूर्ण सुकल्यावर वरून एक साधा कागद ठेवून इस्त्री फिरवा म्हणजे सपाट होईल. हे सगळं स्टॅम्पिंगच्या आधी. आमचं मत विचाराल तर पूर्ण कार्डाला चहा देण्यापेक्षा एखादा चौकोनी तुकडा चहाचा करून कार्डावर चिकटवावा, जास्त चांगलं दिसतं.

स्टॅम्प मारणे

नवीन क्लिअर स्टॅम्पवर कारखान्यातला एक तेलकट थर असतो, त्यावर इंक थेंब थेंब होऊन बसते आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. दर सीझनला दोनतीन जण तरी "स्टॅम्प खराब आहे" म्हणून परत घेऊन येतात, तो खराब नसतो. पेन्सिलच्या खोडरबराने वरून हलकं घासा, झालं. मग स्टॅम्प ॲक्रिलिक ब्लॉकला चिकटवा, तो आपोआप चिकटतो, गोंद लावू नका प्लीज.

ब्राऊन पॅड रेषेसाठी आहे, ती वॉटरप्रूफ इंक आहे. लाल, बाटली हिरवा आणि मोहरी हे तीन रंगासाठी, त्या पाण्याच्या इंक आहेत. अदलाबदल केली तर रेषा वरच्या रंगात मिसळून सगळं चिखल होतं, म्हणून ब्राऊन पॅडच्या झाकणावर काळा ठिपका केलाय. पॅड स्टॅम्पवर टेकवा, स्टॅम्प पॅडवर दाबू नका, दाबलं की कडांना इंक भरते. कार्डाखाली जुना माउसपॅड किंवा वर्तमानपत्राची चारपाच पानं ठेवा, सरळ खाली दाबा, तीनपर्यंत मोजा, सरळ वर उचला. डोलवायचं नाही. एखादी जागा फिकी राहिली तर राहू द्या, खरंच राहू द्या, जुन्या कार्डांवरही एकसारखी छपाई नसते आणि परत त्याच जागी मारायला गेलात तर दुहेरी छाप येणार.

किटमधे पाच चित्रं आहेत, होली म्हणजे ती काटेरी पानं आणि लाल फळं, घंटा, चांदणी, मेणबत्ती आणि रॉबिन पक्षी. लोक विचारतात पक्षी कशाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडच्या पोस्टमनचा कोट लाल असायचा, त्यांना लोक रॉबिनच म्हणायचे, म्हणून त्या काळच्या कितीतरी कार्डांवर चोचीत पत्र धरलेला रॉबिन आहे. त्याची छाती तांबूस असते, आपल्याकडचा दयाळ वेगळा, काळा पांढरा, पण कोणाला दयाळ रंगवायचा असेल तर आमची काही हरकत नाही.

दोन चित्रं एकामागे एक हवी असतील, समजा पुढे रॉबिन आणि मागे होलीची फांदी, तर आधी रॉबिन कार्डावर मारा, मग तोच रॉबिन एका चिकट चिठ्ठीवर मारा, असा की चिठ्ठीची चिकट पट्टी त्याच्या मागे येईल, तो कडेने कापा आणि कार्डावरच्या रॉबिनवर तंतोतंत चिकटवा, आता वरून बिनधास्त होली मारा आणि चिठ्ठी काढा. होली पक्ष्याच्या मागे गेलेली दिसते. वर्कशॉपला मोठी माणसं सुद्धा हे बघून एकदम खूष होतात.

स्टेन्सिल, इथे घाई नको

रांगोळीचा छाप ज्यांनी वापरलाय त्यांना अर्धं काम येतंच. स्टेन्सिल पारदर्शक आहे, खालची रेषा दिसते, ती जुळवा आणि दोन बाजूंनी मास्किंग टेप लावा. टेप आधी एकदा कपड्यावर चिकटवून काढा, नाहीतर कागदाचा वरचा थर उपटून येतो. ब्रश पॅडवर फिरवा आणि मग लगेच कार्डावर न जाता आधी रफ कागदावर झटका, ब्रश जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. सुरुवात स्टेन्सिलच्या प्लास्टिकवरून करायची आणि गोल गोल फिरवत भोकात यायचं, हात एकदम हलका, एका दमात गडद करायचं नाही, तीनचार वेळा फिकं फिकं देत जायचं. जास्त इंक घेतली की ती स्टेन्सिलच्या खाली शिरते, आणि ज्या काही तक्रारी आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेक याच कारणाच्या असतात.

जुन्या रंगासाठी युक्ती अशी की कुठलाही रंग सुटा ठेवायचा नाही, लाल फळं झाली की त्यावर कडेकडेने जरासा मोहरी फिरवा, हिरव्या पानांवरही तसाच. सगळे रंग एकाच पिवळसर छटेत येतात. मग हवं तर ओल्या बोटांनी पाण्याचे दोनचार थेंब शिंपडा आणि अर्ध्या मिनिटाने टिपून घ्या, पाण्याची इंक असल्याने तिथे फिकट ठिपके पडतात. आणि रंग रेषेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर गेला तर पुसायला बसू नका, १८४३ ची कार्डं आठवा.

सोनेरी एम्बॉसिंगची, म्हणजे उठावदार छापाच्या पावडरची, पुडी मोठ्या किटमधेच आहे. पारदर्शक चिकट पॅडने चांदणी मारा, पावडर टाका, झटका आणि हीट गनने खालून किंवा बाजूने गरम करा, दाणे वितळून एकदम चकचकीत होतात. हेअर ड्रायरने होत नाही, वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर नुसती घरभर. नाशिकची डिसेंबरची हवा कोरडी, त्यामुळे पावडर नको तिथेही चिकटून बसते, म्हणून स्टॅम्प मारायच्या आधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कार्डावर फिरवून घ्या. हीट गन मुलांच्या हातात देऊ नका.

शुभेच्छा, आणि मराठीतल्या अडचणी

नाताळच्या शुभेच्छांचा मराठी स्टॅम्प अख्खा एका तुकड्यात दिलाय. सुटी अक्षरं का नाहीत असं विचारतात, तर शिरोरेषेमुळे. सुट्या अक्षरांची शिरोरेषा हाताने एका ओळीत जुळवणं फार अवघड, जरा वरखाली झालं की तुटक दिसतं. घरी नाव वगैरे कापून मराठी स्टेन्सिल करायची असेल तर लक्षात ठेवा, व, ब, ठ यांच्या पोटातला भाग सरळ गळून पडतो, तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. शिरोरेषाही अखंड कापू नका, मधे मधे तोडा. आणि खोडरबर कोरून स्वतःचा स्टॅम्प करणार असाल तर अक्षरं उलटी कोरायची, ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने लिहून तो रबरावर पालथा घासला की आपोआप उलटी उतरतात.

सजावटीला जुनी पोस्टाची तिकिटं फार छान दिसतात आणि नाशिकमधे ती मिळणं अवघड नाही. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, देशाची तिकिटं तिथे छापली जातात, प्रेसमधे नोकरी केलेलं माणूस घरात असेल तर एखादा जुना अल्बम निघतोच. लिफाफ्यावरची तिकिटं कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं ठेवली की सुटतात, पालथी घालून सुकवा. मात्र वापरलेलं तिकीट कार्डाच्या आतच लावा, लिफाफ्यावर नको, पोस्टात उगाच घोळ होतो. शरणपूर रोडच्या बाजूचे आमचे जुने ग्राहक जुन्या साडीच्या काठाची बारीक पट्टी लावतात, ती आम्हाला बाजारच्या लेसपेक्षा जास्त आवडते. चिकटवायला डबल टेप वापरा, पांढऱ्या गोंदाने कागद फुगतो.

पोस्टाने पाठवताना: घडीचं कार्ड साधारण आठ ग्रॅम, लिफाफा धरून बाराच्या आसपास, म्हणजे साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. वर तुकडे, फोम टेप, सुतळी चढवलीत तर वजन करूनच टाका, आणि जाड गाठी असतील तर नकोच, शिक्का मारताना चेपतात. ख्रिसमसच्या आधी पोस्टात गर्दी असते, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलेली बरी.

काम झाल्यावर

स्टॅम्प ओल्या फडक्याने किंवा बेबी वाइपने पुसा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, क्लिअर स्टॅम्प कडक होऊन चिरतात. उन्हात ठेवले की पिवळे पडतात, त्याने छापाला काही होत नाही. स्टेन्सिल लगेच धुवा, सपाट ठेवून, उभी धरून घासली की बारीक पूल तुटतात. पॅडची झाकणं घट्ट आणि पॅड पालथी ठेवा म्हणजे इंक वर राहते. पूल तुटलेली स्टेन्सिल फेकू नका, दुकानात घेऊन या, पारदर्शक टेपने जोडून परत कापून देतो, त्याचे पैसे घेत नाही. इंकचे पॅड सुटे मिळतात, पण हिरवा रंग नोव्हेंबर संपता संपता नेहमी संपतो, लागणार असेल तर आधी सांगून ठेवा.