किनाऱ्यावरचे पूल, गंज आणि त्या हिरव्या सळ्या

पणजीचा मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 ला नदीत कोसळला तेव्हा त्याचं वय जेमतेम दीड दशक. आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल, म्हणजे काँक्रीटला आवळून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारा, गंजून गेल्या होत्या. साधी सळी गंजली की फुगते, वरचं काँक्रीट उडवते, निदान दिसतं तरी. केबलचं तसं नाही, ती ज्या नळीत असते त्या डक्टमधे ग्राउट (सिमेंटचा पातळ गिलावा) अर्धवट भरलं असलं की ती आतल्या आत संपते आणि वरून पूल मस्त दिसतो. वाशीच्या 1973 च्या खाडीपुलालाही हेच दुखणं, शेजारी दुसरा पूल उभा राहिला 1997 ला.

यानंतर खरं तर केबल आणि ग्राउटिंगवर बोलायला हवं होतं, पण आपल्याकडे जोर गेला सळ्यांवर. किनाऱ्याजवळच्या सरकारी पुलांच्या टेंडरांत इपॉक्सी कोटेड सळ्या, म्हणजे गंजू नये म्हणून प्लास्टिकसारख्या थराचं कोटिंग दिलेल्या त्या हिरव्या सळ्या, यायला लागल्या, 1993 ला त्यांचं भारतीय मानकही आलं. कल्पना अमेरिकेतली, तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याला उतारा म्हणून 1973 पासून. पण फ्लोरिडात समुद्रावरच्या पुलांमधे याच सळ्या गंजलेल्या सापडल्या 1986 च्या सुमारास, म्हणजे आपलं मानक यायच्या आधीच! कोटिंगला एक ओरखडा पडला की सगळा गंज तिथेच एकवटतो. आणि आपल्या साइटवर सळी ट्रकमधून ढकलून देतात, फरफटत नेतात, वाकवतात, महिनोन्‌महिने उन्हात पडलेली असते, ओरखडे पडणार नाहीत तर काय. कोटिंगवाले म्हणतात दोष हाताळणीचा. असेल, पण हाताळणी कशी होते हे टेंडर काढणाऱ्यांना माहीत नव्हतं का?

मग 2024 मधे केंद्रीय रस्ते मंत्री नितीन गडकरींनीच जाहीरपणे सांगितलं की मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या वेळी सळ्यांना पावडर कोटिंग (इपॉक्सीही पावडर फवारूनच लावतात) करून गंज धरणार नाही असं सांगून खुद्द त्यांना फसवलं गेलं, त्यामुळे आता समुद्रापासून 30 किमीच्या आत स्टेनलेस स्टीलच वापरायला हवं. महाग आहे, पण त्यात खरवडून जाईल असं कोटिंगच नसतं हा फायदा मोठाच. दरम्यान गोव्यातल्याच झुआरी नदीच्या जुन्या पुलावर वर्षानुवर्षं अवजड गाड्यांना बंदी होती, नवा पूल सुरू व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला.

आता ते 30 किमी मोजायचे कुठून? कोकणातला महामार्ग खाड्या ओलांडतच जातो आणि भरतीचं खारं पाणी किनारा सोडून चांगलंच आत येतं.