पासिंगची की बिनपासिंगची? साठीनंतर जुनी चार्जिंगची गाडी घेताना

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर पटकन फरक कळायचा नाही. तशीच सीट, तसंच हँडल, पायाशी भाजीची पिशवी ठेवायला तशीच सपाट जागा. विकणाराही दोन्हींना ‘इलेक्ट्रिक बाइक’च म्हणतो. मागे जाऊन बघा. पासिंगच्या, म्हणजे आरटीओत नोंदणी झालेल्या गाडीला हिरवी प्लेट आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरात सोलापूरचा एमएच १३, दुसरीला कंपनीचं नाव, नाहीतर नुसतंच ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’.

बिनपासिंगची गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या मुख्य अटी अशा: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नको. या अटींत बसली की लायसन्स नको, आरटीओ नको, विम्याची सक्तीही नाही. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. त्याला कंटाळलेल्या माणसाला ही गाडी आवडली तर नवल नाही. सकाळी दूध, संध्याकाळी देऊळ, एवढंच फिरणं असेल तर माझंही मत तिलाच.

घोटाळा होतो तो तिसऱ्याच गाडीमुळे. दिसायला बिनपासिंगची, पण वेगाचं लॉक काढलेली. बऱ्याच गाड्यांत मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधून आलेली एक वायर सोडली की वेगाची मर्यादा उठते आणि गाडी चाळीसला पळते. विकणारा हे कौतुकानं सांगतो: “काका, पिकअप बघा की!” त्या क्षणी ती सवलतीतून बाहेर पडलेली असते. आता तिला पासिंग हवं, विमा हवा, तुम्हाला लायसन्स हवं, आणि यातलं काहीच नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या पेन्शनमधून. म्हणून मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा. मीटरवर विसंबू नका, मागे बसलेल्या नातवाला मोबाइलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा.

अस्सल बिनपासिंगवालीही सगळीकडे चालत नाही. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला ट्रकच्या आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेनं पंचवीसच्या वेगानं जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं. मागे बायको बसली की पुलाचा चढही जड जातो. रोजचा रस्ता असा असेल तर पासिंगचीच घ्या, लायसन्सचा त्रास सोसा.

बॅटरीची तपासणी दोघींची वेगळी. स्वस्तातल्या जुन्या बिनपासिंगच्या गाड्यांत बहुतेकदा लेड-अ‍ॅसिडच्या चार-पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, एकेक सहा-सात किलोची. त्यातली एक बसली की सगळा संच बसतो. मेकॅनिकला व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन बोलवा, चार-पाच किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच सीट उचलून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. तीन बॅटऱ्या साडेबारा व्होल्ट दाखवतात आणि चौथी अकराच्या खाली, म्हणजे नव्या संचाची किंमत आत्ताच वजा करून बोला. दोन-तीन महिने चार्ज न करता पडून राहिलेली गाडी तर नकोच. तशा अवस्थेत या बॅटऱ्यांच्या प्लेटा कायमच्या खराब होतात.

पासिंगच्या बहुतेक गाड्यांत लिथियम असते. ती टिकते जास्त, पण उघडून मोजता येत नाही. फुल चार्ज करून दहा किलोमीटर चालवा, किती टक्के उतरले ते बघा आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते आधी विचारा. बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे नियम डिसेंबर २०२२ पासून कडक झाले, त्यामुळे त्यानंतर बनलेली गाडी मला जास्त भरवशाची वाटते. सोलापूरच्या मे महिन्याचं ऊन दोन्ही प्रकारांना मारक. तापून आलेली गाडी सावलीत थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

साठीच्या माणसानं आणखी एक पाहावं. पासिंगच्या गाड्या शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त भरतात, त्यामुळे डबल स्टँडवर एकट्यानं चढवून दाखवता येत नसेल तर सौदा पुढे नेऊ नका. आणि या गाड्यांना आवाज नसतो. चावी चालूच आहे हे लक्षात न राहता उतरताना आधारासाठी हँडल आवळलं, अ‍ॅक्सिलेटर फिरला, की गाडी समोरच्या कट्ट्यावर. साइड स्टँड लावल्यावर मोटर बंद होते का, हे दोघींत तपासा. मला तर हे मायलेजपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कागदांत पासिंगची सोपी. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख आणि विमा कळतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्या आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. बिनपासिंगच्या गाडीला आरसीच नाही, म्हणून तिचं मूळ बिल मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. “बिल घरी शोधतो, गाडी तर घेऊन जा” म्हणाला, तर गाडी तिथंच ठेवून या.